खाडीत कुठेतरी

तुम्ही सानपाड्यातल्या एका छोट्या दुकानात उभे आहात. डावीकडे बिघडलेल्या प्रिंटरांची रास आहे. उजवीकडे झेरॉक्सचं मशीन आहे, तेही बिघडलेलं. समोर एक जाडसर गृहस्थ चहा पीत बसलाय. बाहेर जायला एक दार आहे.

आता काय कराल?

‘गृहस्थाशी बोल’ म्हणालात तर फसलात. तो गृहस्थ मीच, आणि मी एकदा सुरू झालो की बाहेरची वाट बराच वेळ बंद होते. ‘बाहेर जा’ म्हणालात तर सुटलात. पण मग करावे गावच्या धर्मा नाखव्याची गोष्ट तुम्हाला कळणार नाही. बघा बुवा. माझा चहा अजून अर्धा शिल्लक आहे.

तरुणपणी मी अशीच वाक्यं लिहायचो. खरं म्हणजे, दुसऱ्यांना अशी वाक्यं लिहिता यावीत म्हणून एक हत्यार बनवायचो. ‘मुलगा काय करतो?’ असं कुणी विचारलं की वडील म्हणायचे, ‘कॉम्प्युटरमध्ये आहे.’ आई मागून हळूच पुस्ती जोडायची, ‘गोष्टींचं मशीन बनवतो.’ दोघंही खरंच बोलत होते आणि ऐकणाऱ्याला दोन्ही उत्तरांनी माझी काळजी वाटायची.

तेव्हा वाशीपर्यंत रेल्वे आलेली नव्हती. आमच्या सेक्टरमध्ये इमारतींपेक्षा खड्डे जास्त होते आणि खड्ड्यांपेक्षा बेडूक जास्त. तळमजल्यावरच्या एका खोलीत माझा क्लास होता. तिथे एक घरगुती संगणक होता, म्हणजे वहीएवढा कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळं यंत्र. तो घरच्या टीव्हीला जोडायचा. प्रोग्राम असायचा कॅसेटवर, गाण्यांची असते तशाच. टेपरेकॉर्डर लावला की पाच मिनिटं चिरकणं, किंचाळणं, शिट्ट्या. शेजारच्या काकू भिंतीवर लाटणं आपटायच्या. आणि मग एकदम शांतता. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटायची. ‘तुम्ही एका गुहेच्या तोंडाशी आहात.’ बस. चित्र नाही, रंग नाही. पण त्या काळ्या पडद्यात मी जेवढं पाहिलंय, तेवढं पुढे रंगीत पडद्यावर कधी दिसलं नाही. गुहा प्रत्येकाची वेगळी असायची. माझ्या गुहेत तर आजोळच्या कोठीघराचा वास होता.

खेळणाऱ्यानं टाइप करायचं, ‘उत्तरेला जा’, ‘दिवा घे’, ‘दार उघड’. यंत्रानं उत्तर द्यायचं. आणि असं विचारत-सांगत पोचायचं खजिन्यापर्यंत नाहीतर मरणापर्यंत. असे खेळ बनवायची हत्यारं परदेशातून कॅसेटवर नकला होत होत आमच्यापर्यंत पोचायची. एक मी पार उलगडून पाहिलं. आत काय होतं? मिसळणाचा डबा! एका वाटीत ठिकाणं, एका वाटीत त्यांच्यामधल्या वाटा, एकीत वस्तू, एकीत यंत्राला समजणारे शब्द, आणि मधल्या वाटीत ‘खुणा’. खूण म्हणजे दार उघडलं की नाही, दिवा विझला की नाही, याची यंत्रानं पदराला मारलेली गाठ. ज्याला प्रोग्रामिंगचा गंधही नाही, त्यानं या वाट्या भरायच्या. फोडणी हत्यार देतं.

अडचण एकच होती. ते परदेशी हत्यार ‘घे दिवा’, ‘उघड दार’ असं बोलायला लावायचं. आपल्याकडे असं फक्त चिडलेला माणूस बोलतो. म्हणून मी माझं मराठी हत्यार लिहिलं. त्याचं नाव ठेवलं ‘वाटाड्या’. अक्षरं रोमन, भाषा मराठी. शंभरेक कॅसेट मी स्वतः भरल्या, त्यांची वेष्टनं स्वतः रंगवली आणि त्यांवर स्वतःचंच चित्र काढलं, डोक्याला मुंडासं, हातात कंदील. त्या वयात माणूस स्वतःवर फार खूश असतो. मी अजून आहे, ती गोष्ट वेगळी.

गिऱ्हाइकं मात्र काय एकेक! एका निवृत्त साहेबांनी सरकारी कचेरीचा खेळ केला. खेळाडूला एक दाखला मिळवायचा होता. एकूण चौदा टेबलं. प्रत्येक टेबलावरून पुढच्या टेबलाकडे वाट, शेवटच्यावरून पहिल्याकडे. मी दोन तास खेळलो. म्हटलं, “साहेब, यात जिंकायचं कसं?”

साहेबांनी चष्मा पुसला. “जिंकायचं? मी कुठे जिंकलो?”

दुसरा एक बिचारा प्रेमात पडलेला. इमारतीतल्या मुलीला मागणी घालायला त्यानं खेळ रचला. बागेतून सुरुवात, मग तळं, मग होडी, मग पत्र. पंधरा दिवस खपत होता. मुलगी क्लासमध्ये आली, खुर्चीत बसली, पडद्यावर आलं, ‘तू एका सुंदर बागेत आहेस. समोर गुलाब आहेत. मागे फाटक आहे.’ तिनं टाइप केलं, ‘फाटकातून जा.’ यंत्र म्हणालं, ‘तू घरी पोचलीस. खेळ संपला.’ आणि ती खरंच उठून घरी गेली. दुसऱ्या दिवशी हा माझ्याकडे आला, “सर, फाटक नसलेली बाग करून द्या.” मी नाही दिली. धंद्यात काही नीती असते.

(ही नीती नेहमी असती तर पुढचं लिहावं लागलं नसतं.)

हेमा आली ती करावे गावातून. कॉलेजात होती, बी.कॉम.ला. बाप धर्मा नाखवा, खाडीत मासेमारी करणारा, स्वतःची होडी असलेला. पहिल्या दिवशीच ती म्हणाली, “सर, गुहा-बिहा मला नको. आमच्या खाडीचा खेळ होईल?”

“का नाही? ठिकाणं किती?”

“ते बाबांना विचारावं लागेल.”

बाबांना विचारल्यावर ठिकाणांना अंतच उरला नाही. मी दर रविवारी यंत्र पिशवीत घालून करावेला जायचो. नाखवा जमिनीवर मांडी घालून जाळं शिवत बसलेला, हेमा टीव्हीसमोर. तो बोलायचा आणि ती टाइप करायची. वाचता न येणारा माणूस, पण बोलायला लागला की खाडी घरात यायची. इथे पाणी वळतं, इथे चिखल गुडघाभर, इथे कमरेपर्यंत, इथे जिताडा मासा बसतो, इथे तिवराच्या मुळीला होडी बांधायची, तिथे मुळीच नाही. मला, वाशीच्या सेक्टरातल्या मुलाला, खाडी म्हणजे पुलावरून दिसणारं करड्या रंगाचं काहीतरी होतं. तिथे प्रत्येक कोपऱ्याला नाव आहे, गल्लीबोळाला असतं तसं, हे मी त्या घरात पहिल्यांदा ऐकलं. ऐकता ऐकता मला गुंगी यायची. होडीत बसल्यासारखी जमीन हलायची.

पण नाखव्याचं आणि यंत्राचं पहिल्याच दिवशी भांडण झालं. त्यानं हेमाला सांगितलं, “होडी पच्छिमेला घे.” यंत्र म्हणालं, ‘तिकडे वाट नाही.’

“वाट नाय म्हंजी? पानी हाय ना समोर!”

“बाबा, सकाळी तुम्हीच म्हणालात तिकडनं जाता येत नाही.”

“ते ओहोटीला, बाय! पानी उतरलं का वाट बी उतरते. भरतीला हत्ती जाईल तिकडनं.” मग माझ्याकडे वळून, “मास्तर, तुजा ह्यो डबा कंदी खाडीत उतरलाय का?”

डबा उतरला नव्हता, मास्तरही उतरले नव्हते. पण त्या रात्री मला हसू आवरेना. साऱ्या परदेशी हत्यारांत वाट एकतर असायची नाहीतर नसायची. कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं की वाटसुद्धा येते आणि जाते! मी वाटाड्याला एक मोजणी शिकवली. दर सहा चालींनी भरतीची ओहोटी, ओहोटीची भरती. आणि प्रत्येक वाटेला एक खूण, भरतीची की ओहोटीची की दोन्हीची. पुढच्या रविवारी नाखव्यानं होडी पश्चिमेला घेतली, सहा चाली तिथेच घुटमळला आणि यंत्र म्हणालं, ‘पाणी उतरलं. होडी चिखलात बसली.’

नाखवा जाळं टाकून टाळ्या पिटायला लागला. “आलं! डब्याला पानी आलं!”

आयुष्यात पुढे मला बक्षिसं-बिक्षिसं मिळाली नाहीत. मिळाली असती तरी या टाळ्यांच्या खालीच लावली असती.

ठरलं असं, की नारळी पुनवेच्या दिवशी देवळाच्या पटांगणात टीव्ही लावायचा आणि नाखव्यानं सगळ्या गावाला खाडी फिरवून आणायची. मग मिरवणूक, मग नारळ. हेमा रात्रंदिवस ठिकाणं भरत होती. पुनवेच्या आदल्या दिवशी दुपारी ती क्लासमध्ये रडवेली होऊन आली. पडद्यावर एकच वाक्य होतं, ‘जागा संपली.’

आता ही जागा म्हणजे काय, ते सांगतो. आज तुमचा मेहुणा रोज सकाळी फोनवर जे गुलाबाचं फूल पाठवतो ना, त्या एका फुलात आमचे तेव्हाचे दोन-तीन संगणक सहज मावतील. वाटा फार जागा खात नाहीत. वाट म्हणजे दोन-चार आकडे. जागा खातात ती वर्णनं. आणि हेमानं वर्णनं लिहिली होती बापाच्या तोंडून, भरभरून.

मी म्हटलं, “तू जा, कामं असतील घरी. मी बसवतो.”

आणि बसवलं. अर्ध्या तासात. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो आणि अतिशय हुशार होतो. मी सगळी वर्णनं एकाखाली एक लावली. सात ठिकाणं अशी निघाली की मला त्यांत फरकच दिसेना. चिखल, तिवरं, पाणी; चिखल, पाणी, तिवरं. नावं तेवढी वेगळी. मी सातांचीही नावं आणि वर्णनं पुसली, त्या सगळ्यांसाठी मिळून एकच वाक्य लिहिलं आणि वाटा आहेत तशा ठेवल्या. जागा झाली. मग मी कॅसेट मागे फिरवली आणि तिच्यावरच नवा खेळ भरला. दुसरी कोरी कॅसेट खणात होती. तिचं वेष्टन फाडायचं मला जिवावर आलं.

पुनवेला पटांगण भरलं होतं. नाखव्यानं ठेवणीतला सदरा घातलेला. तो मोठ्यानं सांगत होता, हेमा टाइप करत होती आणि उत्तर वाचून दाखवत होती. बंदर, खडक, पुलाची सावली. एकेका नावाला म्हातारे माना डोलवत होते, बायका हसत होत्या, कुणी ओरडत होतं, “नाखवा, सांभाळ, तुज्या सासऱ्याचं जाळं हाय तितं!” मग नाखवा म्हणाला, “आता दखनेला घे, बाय. आता बगा रं.”

हेमानं वाचलं, “तुम्ही खाडीत कुठेतरी आहात.”

“काय?”

तिनं पुन्हा वाचलं. नाखवा म्हणाला, “फुडं घे.” पुढेही तेच. आणखी पुढे, तेच. लोक हसायला लागले. नाखवा हसला नाही. तो उठला आणि हळूच म्हणाला, पण मी शेजारीच होतो, मला ऐकू आलं.

“खाडीत कुटंतरी मेला मानूस असतो, बाय. जित्या मानसाला जागा असते.”

आणि तो नारळाकडे निघून गेला.

हेमा माझ्याकडे वळली. चेहरा पांढराफटक. “सर, माझ्याकडून काही चुकीचं दाबलं गेलं का?”

मंडळी, इथे एक वाट होती. सरळ, रुंद, भरती-ओहोटी दोन्हीची. मी म्हणालो, “होतं असं कधी कधी.”

त्यानंतर रविवार संपले. वर्षभरात चित्रांची यंत्रं आली, वाटाड्याच्या उरलेल्या कॅसेटांवर लोकांनी गाणी भरली, क्लासचं दुकान झालं, वाशीचं सानपाडा झालं. पण हत्यार माझ्या डोक्यातून गेलं नाही. अजूनही झोपेत मी एखाद्या ठिकाणी उभा असतो, पांढरी अक्षरं उमटतात आणि मला दिशा विचारली जाते. बहुतेक वेळा तिथे पाणी असतं.

यंदा एका दुपारी दुकानात एक बाई आल्या. पिकलेले केस, पर्समधून काढलेला स्टीलचा डबा, डब्यात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कॅसेट. वेष्टनावर मुंडासंवाला मी, कंदील घेऊन.

“सर, ओळखलंत?”

कॅसेट आधी ओळखली, मग हेमा. सरकारी नोकरीतून नुकतीच निवृत्त झालेली. बाबा केव्हाच गेले. “अस्थी त्यांनी सांगितल्याप्रमाणे खाडीतच सोडल्या. नक्की कुठे, ते विचारू नका. चुलत्यानं होडी नेली, धुकं होतं, त्यालाही सांगता आलं नाही.” आता घरात आत्या, नाखव्याची धाकटी बहीण, पंच्याऐंशीच्या पुढची. गुडघे गेलेत, खिडकीशी बसून असते. “महिनाभर एकच घोकतेय, दादूसचा खेळ लाव, मला एकदा खाडीत जायचंय. लागेल का हो?”

“लागेल,” मी म्हणालो. त्या क्षणी मला फक्त फितीची चिंता होती.

जुन्या कॅसेटचं असं असतं, की ती एकदाच वाजेल असं धरून चालायचं. फीत चिकटलेली होती. ती मी दुसऱ्या कवचात घातली, दोनदा हातानं पुढे-मागे फिरवली, रेकॉर्डरचं डोकं स्पिरिटनं पुसलं, आणि आवाज थेट आजच्या संगणकात भरून घेतला. त्या संगणकात आता जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम असतो. त्याला तो आवाज ऐकवायचा. चिरकणं, किंचाळणं, शिट्ट्या. शेजारचा मोबाइलवाला डोकावून म्हणाला, “अंकल, कुछ जल रहा है क्या?” तिसऱ्या खेपेला शांतता झाली. पांढरी अक्षरं उमटली. मी बंदरावर उभा होतो.

दोन-तीन चाली आनंदात गेल्या. मग दक्षिण. ‘तुम्ही खाडीत कुठेतरी आहात.’

चहा तसाच राहिला. आत शिरायची किल्ली माझ्याकडे होती; हत्यार माझंच. जागेचा प्रश्न आता नव्हता. सात नावं रचायला किती वेळ लागतो? मी नाटकी माणूस आहे, मला पाच मिनिटं पुरतात. मी लिहिलं, ‘ही चंदेरी कूस. इथे पाणी झोपतं.’ फारच छान जमलं. दुसरं त्याहून छान. म्हातारीला काय आठवतंय, हेमाला काय कळणार? तिसरं लिहिताना जाळं टाकून टाळ्या पिटणारा नाखवा दिसला. मी तिन्ही पुसली.

करावेला त्यांच्या कौलारू घराच्या जागी आता तीन मजली इमारत आहे, पण अंगणात वाकट्यांची मासळी तशीच वाळत घातलेली. आत्या खिडकीशी. हेमानं सांगितलं, “आत्या, मास्तर आलेत. डब्याचे.”

“जाडा झाला,” आत्या म्हणाली.

मी लॅपटॉप उघडला, पण सुरू केला नाही. म्हटलं, हेमाताई, आधी एक ऐका. आणि सांगितलं. सात वर्णनं, अर्धा तास, खणातली कोरी कॅसेट. पहिल्यांदाच असं झालं असेल की गोष्ट सांगताना मी हातवारे केले नाहीत.

खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, किकवर मारलेल्या लाथा ऐकू येत होत्या.

“बाबा शेवटपर्यंत म्हणायचे,” ती म्हणाली, “बाय, तू लिवलंस लई, पन ऐकलं नायस. मी म्हणायचे, बाबा, ऐकलं होतं हो. मलाच खरं वाटेनासं झालं, सर. वाटायचं, नावं मी टाइप केली होती की नुसतं मनात आणलं होतं?”

“तू टाइप केली होतीस. सातही. नावं मला आठवत नाहीत. एकच वाक्य आठवतं, ‘इथे वल्हं उभं धरा आणि बोलू नका.’ ते कुठलं, तेही सांगता येत नाही.”

“तेव्हाच का नाही बोललात?”

मी मान खाली घातली.

“झालं का तुमचं?” आत्या म्हणाली. “आता होडी सोड, मास्तर. किती वाजता पानी हाय?”

मी सुरू केलं. हेमा वाचायला लागली. आवाज पहिल्या दोन ओळी घोगरा होता, मग सुटला. आत्या डोळे मिटून सांगत होती. बंदर, खडक, पुलाची सावली. दखनेला घे. आणि ते वाक्य आलं.

आत्यानं डोळे उघडलेच नाहीत.

“उंबरा,” ती म्हणाली.

“काय आत्या?”

“सावलीतनं दखनेला गेलं का उंबरा. चिखलाची पायरी हाय. पाय ठेवून उतरायचं.”

हेमानं माझ्याकडे पाहिलं. मी नावं गिळली होती, पण वाटा ठेवल्या होत्या. आणि जिला वाट माहीत आहे, तिला ठिकाण सांगावं लागत नाही.

“आत्या, तू होडीवर कधी जायचीस? बाबा तर खाडीच्या गोष्टींत तुझं नाव कधी घ्यायचे नाहीत.”

“होडीवर कनाला? आमी बाया चालत जायचो. निवट्या, चिंबोऱ्या धराया, कालवं काढाया, ओहोटीला सगली खाडी आमची. दादूसला निम्मी नावं मीच सांगितली. मानसांस्नी चिखलातलं काय कळतं? ते वरनं जातात.”

मग ती आम्हाला घेऊन निघाली. तुमचा विश्वास बसो न बसो, त्या खोलीची फरशी हलायला लागली. उंबऱ्यावरून पश्चिमेला दोन बहिणी, म्हणजे एका मुळातून आलेली दोन तिवरं. मी यंत्र थांबवून नाव लिहायचो, आत्या वर्णन सांगायची, हेमा टाइप करायची. जिताड्याची खोली. मग पाणी उतरेपर्यंत थांबायचं, तीन चाली. आत्यानं त्या बोटांवर मोजल्या. मग काळी शिंप. मग कोंबडपाय. सहावं आलं तेव्हा तिनं आवाज एकदम खाली आणला.

“ही निज. हितं वल्हं उभं धरायचं. बोलायचं नाय. मासा निजलेला असतो.”

हेमाची बोटं कळांवर थांबली. ती माझ्याकडे पाहून पहिल्यांदा हसली. आणि आम्ही तिघं खरंच थोडा वेळ बोललो नाही.

निजेतून फक्त एक वाट, भरतीची, पुढे. पाणी चढलं, होडी सुटली. हेमानं वाचलं, “तुम्ही खाडीत कुठेतरी आहात.”

आत्यानं डोळे उघडले. खिडकीबाहेर पाहिलं. टॉवरांच्या मधून खाडीची बोटभर पट्टी दिसत होती.

“हिकडं मी कंदी गेली नाय,” ती म्हणाली. “पायांनी जाताच येत नाय हितं. ही दादूसची एकल्याची जागा. नाव सांगितलं नाय त्यानं कुनाला.”

“मला सांगितलं होतं,” हेमा म्हणाली. “मी लिहिलं होतं.” मग खूप वेळ आठवत राहिली. “नाही येत, आत्या. नाही आठवत.”

आता मला बोलणं भाग होतं. सहा भरली होती, एक उरली होती आणि ती माझ्या अंगावर होती. मी म्हटलं, “हेमाताई, दुरुस्तीला जागा ठेवतो. कधी आठवलं तर…”

“ऱ्हाऊ दे तसंच,” आत्या म्हणाली. “काय लिवलंय? वाच परत.”

“तुम्ही खाडीत कुठेतरी आहात.”

“मग बरोबर हाय. हाय ना तो तितं?”

हेमानं कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. अक्षरं पडद्यावर तशीच होती, पांढरी, काळ्यावर. बाजूला भरतीची मोजणी हळूहळू पुढे सरकत होती, कारण आमचं बोलणं चालू असताना हेमा मधूनमधून नुसतंच ‘थांब’ टाइप करत होती, आणि थांबणं हीसुद्धा वाटाड्याला एक चाल असते. सहापैकी पाच चाली झाल्या होत्या.

आत्यानं तिच्या दंडाला हात लावला.

“निघ आता, बाय,” ती म्हणाली. “पानी उतरंल.”